सहादेव सुताराची थरथरी

सहादेव सुतार वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं ऐकल्यावर त्याला नावं ठेवणारे पुष्कळ निघतील, आणि बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? पण दारू नाही, जुगार नाही, बायकोवर कधी हात उचललेला नाही. फक्त भित्रा होता. तोही चारचौघांत नव्हे. आतल्या आत, कुणाला पत्ता लागणार नाही असा. असल्या भित्र्या माणसाच्या शेजारी राहायला काही हरकत नसते. संसार करायला असते.

त्याचं मूळ गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. तिथं तो आणि थोरला भाऊ भीमा मिळून गावकीची सुतारकी करायचे. कुळव, नांगर, गाडीची चाकं, आणि सुगीला खळ्यावरचं बलुतं. एका पावसाळ्यात भीमाची बायको साळूबाई हिचं पायाचं बोट चिखल्यांनी सुजलं आणि जोडवं बोटात रुतलं. सवाष्णीनं जोडवं उतरवायचं नसतं, म्हणून तिनं आधी बोटाला हळदीचा दोरा बांधला, देवाला हात जोडले आणि मगच जोडवं काढलं. तेराव्या दिवशी भीमा विहिरीवर मोटेचं चाक बसवताना आत पडला आणि गेला. विहिरीचा काठ ढासळलेला होता हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. पण तिरडीमागं चालणारा एकही माणूस काठाबद्दल बोलला नाही. सगळे जोडव्याचंच बोलले. भावाला खांदा देताना सहादेवनं ते ऐकलं, आणि त्याच्या मनात ते जे जाऊन बसलं ते कधी निघालं नाही.

पुढं गावात करमेना म्हणून तो बायकोला, मनकर्णाला, घेऊन भिंगारला आला. जुन्या बाजाराच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीत त्याचं काम चाले. समोर वीस पावलांवर काकासाहेबांची विजेवरची पिठाची गिरणी. सकाळी पट्टा चढला की दिवस मावळेपर्यंत तिची घरघर. पहिले आठ दिवस दोघांनाही डोकं उठल्यासारखं झालं. मग सवयीनं ती घरघर कानाला ऐकू यायचीच बंद झाली. एकुलती एक पोर, पुष्पावती, काष्टीला दिलेली. घरात दोघंच.

सत्तर साली सहादेवला ते यंत्र मिळालं. लष्करी छावणीतल्या मोडीचं सामान लिलावात घेणारा एक भंगारवाला होता. त्याच्या ढिगात बिजागऱ्या शोधताना सहादेवच्या हाताला हातभर लांबीचं, बॅटरीसारखं गोल, जड काहीतरी लागलं. एका टोकाला वायर, दुसऱ्या टोकाला रुपयापेक्षा थोडी मोठी दातेरी चकती. त्यानं ते मोटारी भरून देणाऱ्या मच्छिंद्राकडं नेलं. मच्छिंद्रानं जळालेली तार बदलून मोटार भरली आणि हसायला लागला.

"सादेवदा, हे लाकडाचं न्हवं. मोडल्याल्या हाडावर दवाखान्यात प्लास्टर घालत्यात का न्हाई, ते कापायचं मशीन हाय हे."

"आन् आतला पाय कापला म्हंजी?"

"तीच तर गंमत हाय," म्हणून मच्छिंद्रानं बटण दाबलं आणि चालती चकती सरळ आपल्या तळहातावर टेकवली. सहादेवनं डोळे मिटले. उघडून बघतो तर हाताला ओरखडाही नाही.

ती चकती गरागरा फिरतच नव्हती. जागच्या जागी केसभर इकडं, केसभर तिकडं, इतक्या झपाट्यानं हलत होती की डोळ्याला स्थिरच वाटावी. कातडी मऊ, ती चकतीबरोबर हलते आणि सुटते. लाकूड, चुना, धातू ताठ. ते हलत नाही म्हणून कापलं जातं. सहादेवला हे एकदाच सांगावं लागलं. त्यानं घरी येऊन जुन्या करवतीच्या पोलादातून लाकडाला मानवतील अशा चकत्या आणि पट्ट्या घासून काढल्या, आणि यंत्राला नाव दिलं थरथरी.

त्या थरथरीनं त्याचं नशीब काढलं म्हणायला हरकत नाही. त्या वर्षांत भिंगारमध्ये ज्याला त्याला मातीची जमीन उकरून शहाबादी फरशी घालायची हौस सुटली होती. फरशी आली की चौकटीचे पाय आखूड करायला लागायचे. दुसरा सुतार भिंत फोडून चौकट बाहेर काढायचा. सहादेव जमिनीला गाल टेकून आडवा व्हायचा, थरथरी धरायचा, आणि उभ्या चौकटीखालचा फरशीएवढाच काप काढून द्यायचा. भिंतीचा पोपडा पडायचा नाही. दाराला कुलूप बसवायचं असो, फळीत अडकलेला खिळा मागून छाटायचा असो, जिथं करवत शिरत नाही आणि पटाशी वळत नाही तिथं थरथरी. देवळाली प्रवऱ्याचा श्रीमंत नावाचा बागायतदार भाचीच्या लग्नाला भिंगारला आला होता. त्याच्या बोटाला गांधीलमाशी चावली आणि सोन्याची अंगठी रुतून बसली. सहादेवनं अंगठीखाली पत्र्याची बारीक पट्टी सरकवली आणि थरथरीनं अंगठी कापून मोकळी केली. श्रीमंतचा चहा गार व्हायच्या आत. त्या दिवसापासून लोक काम नसलं तरी बघायला यायचे, आणि सहादेव चालती चकती तळहातावर टेकवून दाखवायचा.

"तू बी बघ की हात लावून," तो बायकोला म्हणायचा.

"तुमच्यावर इस्वास हाय माजा. त्या यंत्रावर न्हाई," मनकर्णा म्हणायची आणि हसायची. बोलायला फटकळ, कामाला वाघ, अशी बाई होती ती.

मग बहात्तर साल आलं. पाऊस आलाच नाही. जनावरं बाजारात गेली, चारा गेला, आणि फरशीची हौस तर कुठल्या कुठं. लोक रेशनवरची परदेशी लाल ज्वारी, मिलो, दळून खात होते. दारं-चौकटी कोण करतो? सहादेवची पडवी सुनी पडली. मनकर्णा कुणाला न विचारता एके सकाळी पदर खोचून दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली आणि संध्याकाळी तिथं मिळालेली सुकडी पदरात बांधून आली. "बसून खानाऱ्याला डोंगर बी पुरत न्हाई," एवढंच बोलली. सहादेवही चार दिवस गेला, पण त्याला उन्हानं चक्कर यायची. मग ती म्हणाली, तुमी घरीच बसा, एखादं काम आलं तर हातचं जायला नको.

त्र्याहत्तरच्या फाल्गुनात एका संध्याकाळी दोन बायकांनी तिला धरून आणलं. दगडांच्या ढिगावरून मोठा दगड घरंगळला आणि डाव्या पायाच्या बोटांवर आला होता. अंगठ्याशेजारचं बोट चेचलं होतं. त्याच बोटात तिचं चांदीचं जाड जोडवं.

शेजारच्या गोजरबाईनं तेल लावून बघितलं, साबण लावून बघितलं, बोटाला दोरा गुंडाळून जोडवं सरकवायचा जुना उपाय केला. जोडवं हलेना. मनकर्णा ओठ दाबून बसली होती. सहादेवनं थरथरी काढली आणि पत्र्याची पट्टी ठोकून पातळ केली. ती बघताच तिनं पाय ओढून घेतला.

"खुळं झाला का काय? साळूजाऊबाईंचं इसरला व्हय?"

"सूज चढतीया मने."

"चढू द्या. चढल्याली उतरती बी. जोडव्याला हत्यार लावू देनार न्हाई मी."

गोजरबाईनं मान डोलावली. "खरं हाय तिचं. कुकवाच्या धन्यापरीस बोट मोठं का?"

आणि सहादेवला हायसं वाटलं. हे त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पण छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं खरं. थरथरी त्यानं परत पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र बोट जांभळासारखं काळंनिळं झालं होतं आणि जोडवं सुजेत बुडून नुसती चकचकीत कड दिसत होती. मनकर्णाला रात्रभर डोळा लागला नव्हता. सहादेव पडवीत उगीच एक फळी रंधत बसला होता. ती भिंतीला धरून लंगडत आली, उंबऱ्यात बसली, आणि दुखरा पाय उचलून तिनं त्याच्या पुढ्यातल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवला.

"कापा," ती म्हणाली. "आता न्हाई सोसवत. देव बघून घील काय ते."

तिनं डोळे मिटले. इतकी कणखर बाई, पण पापण्यांतून पाणी गळत होतं.

सहादेवनं थरथरी घेतली. वायर लावली. पट्टी हातात धरली. अंगठा बटणावर ठेवला. श्रीमंतच्या अंगठीला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नव्हता. चांदी तर सोन्याहून फार कठीण नाही. त्याला हे सगळं कळत होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढं विहिरीतून वर काढलेला भीमा आला, दोरानं काढलेला, तोंडावर चिखल असलेला. तेरा दिवस. बारा दिवस साळूबाईनं नवऱ्याला वाढलं आणि तेराव्या दिवशी तिच्या बांगड्या फुटल्या. अंगठा बटणावरून आपसूक बाजूला झाला.

"लाईट गेली," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले. "कवा ईल?"

"सांच्याला ईल."

"कानशीनं न्हाई का व्हनार?"

"कानस बोटाला लागंल. जीव जाईल तुजा."

समोर गिरणीपुढं नेहमीसारखी डब्यांची रांग होती. मनकर्णानं घटकाभर तिकडं बघितलं. मग पाय खाली घेतला आणि भिंतीला धरून आत गेली. संध्याकाळ झाली. सहादेवनं कंदील नव्हे, दिवाच लावला, बटण दाबून. तिनं आता मागितलं तर आपण नक्की कापू, असं तो मनाशी घोकत राहिला. तिनं मागितलं नाही, आणि तो मनात म्हणाला, चला, दुखणं उतरलं असेल.

तिसऱ्या दिवशी ताप भरला. चौथ्या दिवशी काळेपणा पाऊलभर चढला आणि खोलीत वास यायला लागला. पाचव्या दिवशी मच्छिंद्रानं टेम्पो आणला आणि तिला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथं मलमपट्टी करणाऱ्या माणसानं कुणाला काही विचारलं नाही. सुजेत कात्री घालावी तशी एक छोटी पकड घातली आणि जोडवं तोडलं. कट असा बारका आवाज झाला. सहादेवनं तेवढ्यात भिंत धरली. त्याला काही झालं नाही.

"पहिल्याच दिवशी काढायला पाहिजे होतं हे," डॉक्टर चिडून म्हणाले. "पाच मिनिटांचं काम. का नाही काढलं?"

"बाई ऐकत नव्हती," सहादेव म्हणाला.

मनकर्णा पुढ्यातच पडली होती. तिनं तापानं लाल झालेले डोळे उघडले, नवऱ्याकडं बघितलं, आणि पुन्हा मिटले. सहादेवनं कागदावर सही केली. डावा पाय गुडघ्याखाली चार बोटं ठेवून कापला. तोडलेलं जोडवं कुणीतरी कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलं.

तेरा दिवस सहादेवनं जीव मुठीत धरून काढले. विहिरीजवळ गेला नाही, रस्ता ओलांडताना चारदा बघितलं. चौदावा दिवस उजाडला. पंधरावा. महिना गेला. त्याला साधा खोकलाही झाला नाही. जोडवं तुटलं होतं आणि तो धडधाकट, दोन वेळची भाकरी खात, जिवंत होता. माणसाला जगल्याची इतकी लाज वाटलेली मी तरी दुसरीकडं कुठं ऐकली नाही.

त्यात भिंगारच्या बायकांनी कहर केला. मनकर्णानं नवऱ्याच्या आयुष्यासाठी पाय दिला, ही गोष्ट गोजरबाईनं गल्लीत सांगितली आणि गल्लीनं गावभर नेली. बायका ओटी घेऊन यायला लागल्या. नव्या नवऱ्या तिच्या उरलेल्या एका पायावर हळदीकुंकू वाहून पाया पडायच्या. "देवी हाय गं बाई, देवी," असं म्हणायच्या. काष्टीहून पुष्पावती आली, आईच्या गळ्यात पडून रडली आणि बापाला म्हणाली, "आबा, तुमी तरी जबरदस्ती करायची. आई पयल्यापासून हट्टीच." सहादेवनं मान खाली घातली. लेकीला वाटलं बाप दुःखात आहे. मनकर्णा खाटेवर बसून मिलो निवडत होती. तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. पाया पडणाऱ्या बायकांना ती नुसतं "असू द्या" म्हणायची, आणि त्या गेल्या की कपाळावरचं ज्यादाचं कुंकू पुसून टाकायची.

पावसाळा बरा झाला. सहादेवनं तिच्यासाठी पाय करायला घेतला. पहिला बाभळीचा केला, तो जड झाला आणि गुडघ्याखाली फोड आले. मग त्यानं शिवणीचं लाकूड मिळवलं. हलकं, मऊ, न फाटणारं. आतली वाटी कोरायला पटाशी पोचेना, म्हणून थरथरीला वाकडी पट्टी बसवून ती आतून कोरली, वर चामड्याचं अस्तर आणि पट्टे. दिवसातून चारदा तो ते तिच्या पायाला लावून बघायचा आणि जिथं टोचतंय तिथं केसभर काढायचा. महिनाभर त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. खालचं पाऊल त्यानं हुबेहूब केलं. टाच, घोटा, पाचही बोटं, बोटांवर नखंसुद्धा.

खंडेनवमीला सुतार हत्यारं पुजतो आणि त्या दिवशी हत्याराला हात लावत नाही. आदल्या दिवशी पाय पुरा करून तो हत्यारांबरोबर पुजायचा, असं सहादेवनं ठरवलं होतं. त्या दुपारी तो पडवीत बसून शेवटचा हात फिरवत होता. मनकर्णा उंबऱ्यात बसली होती, त्याच जागी. पुढ्यात धान्याचं सूप. सात महिने तिनं गल्ली ओलांडली नव्हती. वीस पावलांवरच्या गिरणीत तिचं दळण गोजरबाई नेत होती.

"अवं, बोटं कशापायी कोरताय?" ती म्हणाली. "लुगड्याखाली कोन बघनार हाय?"

"मग जोडवं कशात घालायचं?"

त्यानं खिशातून कागदाची पुडी काढली. तोडलेलं जोडवं त्यानं सोनाराकडून डाग देऊन सांधून आणलं होतं. अंगठ्याशेजारच्या लाकडी बोटाला जोडवं बसेल अशी खाच पाडायची तेवढी राहिली होती. त्यानं थरथरी लावली. बटण दाबलं. चकती बोटाभोवती फिरली आणि खाच पडली. बिडी पेटवायलाही जास्त वेळ लागतो. सहादेव त्या खाचेकडं बघत राहिला. यंत्र त्याच्या हातात तसंच चालू होतं. मग त्यानं ते बंद केलं, आणि सात महिन्यांत जे जिभेवर येऊन परत गेलं होतं ते एकदाचं बाहेर पडायला लागलं.

"मने, त्या दिशी... तू पाय पुढं केलास त्या दिशी... लाईट..."

"लाईट हुती," मनकर्णा म्हणाली.

तिनं सुपावरून नजर काढली नव्हती. बोटं दाण्यांतून खडे वेचत होती.

"गिरनी चालू हुती की. आपलीच दोन शेर मिलो टाकल्याली हुती तिथं. मी तिकडंच कान लावून बसली हुती."

सहादेवला एवढ्या वर्षांनी ती घरघर पुन्हा ऐकू आली. समोर पट्टा चालला होता, जातं फिरत होतं, पीठ पडत होतं. त्या दुपारीही असंच पडत असणार.

"मग बोलली का न्हाईस तू?" त्याचा आवाज फुटला. "एकडाव म्हनायचं हुतं. मी कापलं असतं."

"म्हनलं, आता म्हनतील लाईट आली. सांजपत्तूर वाट बघितली मी. तुमी दिवा लावला तवा बी बघितली. दुसऱ्या दिशी बी." तिनं एक खडा लांब फेकला. "मंग ताप आला."

तो ढसाढसा रडायला लागला. पन्नाशीचा माणूस, मांडीवर लाकडी पाय घेऊन. त्याला वाटलं ती हात लावेल, निदान एखादी शिवी तरी देईल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. त्याचं रडणं संपेपर्यंत ती निवडत राहिली. मग हात पुढं करून त्याच्या पुढ्यातलं जोडवं उचललं, उलटंसुलटं करून सांधा बघितला आणि पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवलं.

"ह्ये नगं त्यात," ती म्हणाली. "तुमाला काय हुत न्हाई. बघितलं की आपन. मला निस्ता पाय द्या."

"मने..."

"करा पुरा लवकर. उंद्या तुमी हत्याराला हात लावनार न्हाई, आन् डब्यात पीठ न्हाई." तिनं सूप झाडलं आणि धान्य डब्यात ओतलं. "आज दळान माजं मी न्हेनार हाय."

सहादेवनं डोळे पुसले, थरथरीला पट्टी बदलली आणि लाकडी बोटाला पाडलेल्या खाचेच्या दोन्ही कडा घासून काढायला सुरुवात केली.